१६ जीबी रॅम, ५ जीबी मोकळी, तरी सर्व्हर म्हणतो मेमरी नाही! ओव्हरकमिट २ करून फसलो

सियागंजचा_सर्व्हर · शुक्रवार, रात्री १:२०

मंडळी, आधी काय झालं ते सांगतो, मग शिव्या द्या.

इंदूरला सियागंजमधे एका नमकीनच्या होलसेलवाल्याकडे बिलिंगचा सर्व्हर आहे, तो मीच बघतो, नोकरी दुसरीकडे आणि हे वरचं काम. उबंटू, १६ जीबी रॅम, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि एक जावाचं बिलिंग ॲप. स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) नाही, कारण एसएसडी खराब होते असं कोणीतरी सांगितलं होतं तेव्हा मीच काढून टाकला होता. आता दर महिन्याला जीएसटीआर-१ ची ११ तारीख जवळ आली की सगळे मुनीम एकदम रिपोर्ट काढायला बसतात आणि डीमेसेजमधे, म्हणजे कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) नोंदीत, 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस', पुढे पोस्टग्रेसचं नाव. मारलं जातं एकच कनेक्शन पण पडतात सगळे, मग रिकव्हरी चालते, तेवढ्यात शेठचे चार फोन येऊन जातात.

पोस्टग्रेसच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधे लिहिलंय की ओव्हरकमिट (असलेल्यापेक्षा जास्त मेमरीचा शब्द कर्नलने द्यावा का, ते सेटिंग) २ करा म्हणजे कर्नल प्रोसेस मारण्याची शक्यता कमी होते. वाचलं, पटलं. घरून, म्हणजे विजयनगरहून, एसएसएचने दुरून लॉगिन केलं, सिसकटीएलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलमधे व्हीएम डॉट ओव्हरकमिट_मेमरी = २ टाकलं, सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, लागू केलं. प्रॉम्प्ट आला, बरं वाटलं. मग मोकळी मेमरी बघायला सहज 'फ्री' मारलं तर

बॅश: फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी

एलएस, तेच. सुडो, तेच. दुसऱ्या विंडोतून एसएसएच केलं तर आत घेण्याआधीच बाहेर. पाच मिनिटं आधी फ्रीमधे ५ जीबी अव्हेलेबल दिसत होती हो! रात्री साडेअकराला गाडी काढली, चौकीदाराला उठवलं, पॉवरचं बटण दाबून धरलं. परत चालू केला तर पोस्टग्रेस उठलं पण जावा उठेना, एरर १२, तीच मेमरीची रड. कारण फाइलमधे २ तसाच होता ना. तो काढला, सगळं सुरू झालं, येताना सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि आता झोप येत नाहीये.

प्रश्न एवढाच, ५ जीबी मोकळी असताना मेमरी नाही कशी? कमांड देवनागरीत लिहितोय, फोनवर आहे, कीबोर्ड बदलायचा कंटाळा आलाय.

हौशी_१०२४ · शनिवार, सकाळी ७:०५

स्वॅपीनेस १० करा. डीफॉल्ट ६० असतं ते सर्व्हरला जास्त आहे. माझ्याकडे एकदम मक्खन चालतंय.

पेजफॉल्ट_काकू · शनिवार, सकाळी ८:३०

हौशी, बाळा, त्याच्याकडे स्वॅपच नाहीये. स्वॅपीनेस म्हणजे मेमरीची तंगी आली की कर्नलने ॲप्लिकेशनची पानं (मेमरीचे तुकडे) स्वॅपला टाकायची की फाइलची कॅश सोडायची, तो कल कुठे ठेवायचा ते. लिमिट नाही ते. स्वॅप नसेल तर तिथे १० काय आणि २०० काय. हो, २०० सुद्धा चालतं, कर्नल ५.८ पासून वरची मर्यादा १०० ची २०० झाली. पण ज्या धाग्यात मेमरी शब्द येईल तिथे स्वॅपीनेस १० हे उत्तर आलंच पाहिजे असा काही नेम आहे का?

सियागंज, तू आता मोड ० वर, म्हणजे ओव्हरकमिटच्या डीफॉल्टवर, आहेस ना? सगळं चालू असताना प्रॉक मेमइन्फो बघ आणि चार ओळी दे: मेमटोटल, मेमअव्हेलेबल, कमिटलिमिट, कमिटेड_एएस. आणि जावाला हीप (तिची कामाची मेमरी) किती दिलाय, पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शनची सामायिक मेमरी) किती, वर्क_मेम किती तेही सांग. तोवर मी पोहे करते.

सियागंजचा_सर्व्हर · शनिवार, सकाळी ९:१०

घ्या काकू.

मेमटोटल: १६३०९२४८ केबी
मेमअव्हेलेबल: ५३४०१६० केबी
कमिटलिमिट: ८१५४६२४ केबी
कमिटेड_एएस: १२४८७३१२ केबी

जावाला एक्सएमएस आणि एक्सएमएक्स (हीपची सुरुवात आणि कमाल) दोन्ही ६ जीबी. शेअर्ड बफर्स ४ जीबी. वर्क_मेम २५६ एमबी, ते माझ्या आधीच्या माणसाने ठेवलेलं, मी हात लावला नाही.

पेजफॉल्ट_काकू · शनिवार, सकाळी १०:००

तुझं उत्तर तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतच आहे बघ. कमिटलिमिट ८१ लाख केबी आणि कमिटेड सव्वाशे लाख. पावणेआठ जीबीची मर्यादा आणि बारा जीबीचे शब्द आधीच देऊन झालेले. हे कमिटलिमिट मोड ० मधेही छापून येतं, फक्त पाळलं जात नाही. तू २ केलंस त्या क्षणी कर्नल म्हणाला, आता पाळणार. जे दिलंय ते परत मागत नाही तो, पण नवीन एका पानाचाही शब्द कोणाला देणार नाही. म्हणून चालू होतं ते चालत राहिलं आणि बॅशला (कमांड घेणाऱ्या शेलला) नवा फोर्क, म्हणजे नवी प्रोसेस, करता येईना, एलएससाठी सुद्धा फोर्कच लागतो ना.

आता ५ जीबीचं. मोकळी रॅम आणि दिलेला शब्द या दोन वेगळ्या वह्या आहेत. प्रोसेसने मेमरी मागितली की कर्नल फक्त पत्ता देतो, घे, हे तुझं. खरं पान लागतं ते त्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहिलं की, तेव्हा पेज फॉल्ट होतो आणि ४ केबीचा तुकडा हातात पडतो. फ्री मधे दिसतात ती हातात पडलेली पानं, कमिटेडमधे दिसतात ते दिलेले शब्द. तुझ्या जावाने ६ जीबी आधीच मागून ठेवलेत, वापरत असेल तीन. शब्द मात्र सहाचा.

पंगतीचं समज. पत्रिका वाटल्या चारशे, स्वयंपाक केला अडीचशेचा, कारण अनुभव आहे की सगळे येत नाहीत. मोड ० हेच. मोड १ म्हणजे पत्रिका कितीही वाट, मोजू नकोस. मोड २ म्हणजे जेवढी पानं मांडता येतील तेवढ्याच पत्रिका, ज्याला मिळाली नाही त्याला दारातच नमस्कार. आणि मोड ० मधे सगळेच आले तर? तर ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर नावाचे एक मामा येतात आणि ज्याच्या ताटात सगळ्यात जास्त वाढलंय त्याला उठवतात. मधूनच. हात धुवायला सुद्धा वेळ देत नाहीत.

आता मर्यादा पावणेआठच का? सूत्र साधं आहे: रॅममधून ह्यूज पेजेस (मोठ्या पानांसाठी वेगळी काढलेली मेमरी) वजा करायची, त्याचे ओव्हरकमिट_रेशो इतके टक्के घ्यायचे, त्यात सगळा स्वॅप मिळवायचा. रेशो डीफॉल्ट ५० असतो. तुझी रॅम १६३०९२४८, अर्धी केली की बरोब्बर ८१५४६२४. स्वॅप शून्य. म्हणजे १६ जीबीच्या मशीनला तूच ८ जीबीचं करून ठेवलंस.

लष्करवाला · शनिवार, दुपारी १२:१५

ग्वाल्हेरहून हजेरी. काकूंची पंगत झकास, पण मामा ताट बघताना एक गडबड करतात ती सांगतो. ओओएमचा स्कोअर काढताना प्रोसेसच्या हातातल्या पानांमधे शेअर्ड मेमरी पण धरतात. पोस्टग्रेसचं एक जुनं कनेक्शन चार जीबीच्या शेअर्ड बफरमधली बरीच पानं शिवून आलेलं असतं, ती सगळी त्याच्या नावावर. प्रत्यक्षात त्याला मारून ती चार जीबी सुटत नाहीच, बाकीचे धरून बसलेत. तुमच्या डीमेसेजच्या त्या ओळीत पुढे अनॉन-आरएसएस (स्वतःची पानं) आणि शेमेम-आरएसएस (शेअर्ड पानं) असे वेगळे आकडे असतात, बघा, दुसरा मोठा निघेल.

आणि एक का मेलं की सगळे का पडतात, तर किल ९ ने, म्हणजे सक्तीने, मेलेलं कनेक्शन शेअर्ड मेमरीत काय अर्धवट लिहून गेलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) बाकी सगळ्यांना घरी पाठवून रिकव्हरी करतो. त्याचं बरोबरच आहे.

माझं वेगळंच दुखणं. मी एका कॉलेजच्या लॅबमधे सी ही भाषा शिकवतो (त्यात मेमरी मॅलॉकने मागतात, मेमसेटने भरतात), मशीन ८ जीबीची. एक मुलगा परवा म्हणाला सर, मॅलॉकने मला १०० जीबी दिली. मी म्हटलं खोटं बोलतोस. तर त्याने एकदम १०० जीबी मागितली नव्हती, १ जीबी शंभर वेळा मागितली होती, आणि मिळालेल्यावर काही लिहिलं नव्हतं. एकदम १०० मागितली की मोड ० सुद्धा नाही म्हणतो, कारण तिथे बघतात की ही एक मागणी रॅम अधिक स्वॅपपेक्षा मोठी आहे का. आधीच्या नव्याण्णव मागण्यांची बेरीज बघत नाहीत. मग सगळ्या वर्गाला ते करून दाखवायला लावलं, शेवटी मेमसेट पण लावला, तेव्हा मामा आले आणि डेस्कटॉपच घेऊन गेले.

हौशी_१०२४ · शनिवार, दुपारी १२:४०

लॅबमधे यूलिमिट -व्ही लावा ना सर. प्रत्येकाला ४ जीबी. विषय संपला.

लष्करवाला · शनिवार, दुपारी १:३०

लावून बघितलंय. दोन दिवस टिकलं. यूलिमिट -व्ही पत्त्यांची मर्यादा घालतो, पानांची नाही. आजकाल प्रत्येक जण पत्ते भरपूर घेऊन ठेवतो, फुकट असतात म्हणून. ६४ बिटमधे नेहमीच्या ४८ बिटच्या पत्त्यात यूजरच्या वाट्याला १२८ टीबी येतात, कोण कशाला काटकसर करेल. ब्राउझर उठेना, जावा रडायला लागलं, आणि मुलांना ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) शिकवतो तो तर टेराबाइटमधे पत्ते राखून ठेवतो, त्याचं यूलिमिटशी जमणं शक्यच नाही. शिवाय ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसला, माणसाला नाही. ज्याला त्रास द्यायचाय तो पन्नास प्रोसेस काढेल, प्रत्येकाला चार जीबी.

यूलिमिटमधे -एम पण दिसतो, आरएसएसचा, म्हणजे खऱ्या पानांचा, तो बघून मला आनंद झाला होता. लावला. काही झालं नाही. मग मॅन पेज नीट वाचलं तर २.४ च्या जमान्यानंतर लिनक्स त्याच्याकडे बघतच नाही. लावता येतो, दिसतो, चालत नाही. आमच्या पाणीपुरवठ्याचा नळ आहे तसा.

शेवटी सीग्रुप, म्हणजे प्रोसेसचे गट करून प्रत्येक गटाला मर्यादा. सिस्टमडीमधे (सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक यूजरच्या स्लाइसला (गटाला) ड्रॉप-इन (जोड सेटिंगची फाइल) लावता येतं, तिथे मेमरीहाय २ जीबी आणि मेमरीमॅक्स ३ जीबी ठेवलं. हाय ओलांडला की प्रोसेस रेंगाळायला लागते, मॅक्सला टेकली आणि काही सुटेना तर त्या यूजरच्याच घरात मामा येतात, शेजारच्याला धक्का नाही. इथे मोजतात ती खरी पानं. सियागंजवाल्या भाऊंनी सुद्धा हेच करावं, मोड २ च्या नादी लागू नये असं माझं मत.

मांडवीचा_म्हातारा · शनिवार, दुपारी ४:००

बडोद्याहून नमस्कार. तुमची ही पोरं सिसकटीएल एका ओळीत बदलतात आणि रडतात, आम्ही कर्नल बनवायचो रे. मजा आहे.

२००० च्या पुढेमागे सयाजीगंजमधे एक सायबर कॅफे होता, पंधरा-वीस मशीन आणि पुढे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवर स्क्विड, म्हणजे वेब पानांची कॅश ठेवणारा प्रोग्रॅम. मालकाने हौसेने १ जीबी रॅम टाकली, तेव्हा ती केवढ्याला पडायची विचारू नका. स्क्विडला मोठी कॅश दिली, आणि तो बरोबर ५१२ एमबीच्या आसपास आला की मरायचा. दर दोन-तीन दिवसांनी. रॅम अर्धी रिकामी. मी रॅमची पट्टी बदलली, मग बोर्ड बदलला, मालक म्हणाला आता तुम्हाला बदलू का.

भानगड अशी की ३२ बिटच्या फ्रीबीएसडीमधे एका प्रोसेसच्या डेटा सेगमेंटला कर्नलमधेच मर्यादा कोरलेली असायची, मॅक्सडीएसआयझेड, ५१२ एमबी. सुरुवातीची मर्यादा डीएफएलडीएसआयझेड, ती तर १२८ एमबीच. आणि त्या काळचं मॅलॉक सगळी मेमरी एसब्रेक या जुन्या कॉलने याच सेगमेंटमधून काढायचं, त्यामुळे भिंत पक्की. उपाय म्हणजे कर्नलच्या कॉन्फिग फाइलमधे ऑप्शन्स मॅक्सडीएसआयझेड म्हणून १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ लिहायचं, कर्नल कंपाइल करायचा, रात्रभर, सकाळी फाफडा खाऊन रीबूट. शिवाय लॉगिन डॉट कॉन्फमधे त्या यूजरच्या क्लासची डेटासाइझ वाढवली नाही तर सगळं मुसळ केरात.

मग मला चढलं. म्हटलं १ कशाला, अडीच जीबी करू. ३२ बिटमधे एकूण पत्ते ४ जीबीचे, त्यातले १ कर्नलचे, आपल्याला उरतात ३. कर्नल डेटासाठी कमाल जागा सोडून त्याच्या वर एममॅपची (फाइल वगैरे मेमरीत जोडायची) जागा सुरू करायचा. मी डेटाला अडीच दिल्यावर शेअर्ड लायब्ऱ्या, एममॅप, स्टॅक सगळ्यांना मिळून अर्धा जीबी. छोटे प्रोग्रॅम चालायचे, मोठे सुरू होतानाच आडवे. स्क्विड चालत होता म्हणा, बाकी काही चालत नव्हतं. परत १ जीबीवर आलो.

नंतर हेच कर्न डॉट मॅक्सडीएसआयझेड नावाने लोडर डॉट कॉन्फमधे आलं, कंपाइल करणं सुटलं. ६४ बिटला डीफॉल्टच ३२ जीबी आहे. सांगायचं कारण, सियागंज, तू काल जे केलंस ते मी पंचवीस वर्षांपूर्वी केलंय. रॅम मोजायची आणि पत्ते विसरायचे.

पेजफॉल्ट_काकू · शनिवार, संध्याकाळी ५:२०

म्हातारबुवा, वा. बोर्ड बदलला हे वाचून चहा सांडला.

खिडकीवाला · शनिवार, संध्याकाळी ६:४५

विंडोजमधे हा प्रकारच नाही. तिथे पहिल्यापासून मोड २. कमिट लिमिट म्हणजे रॅम अधिक पेजफाइल, त्याच्या वर शब्द द्यायचाच नाही. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्स, मेमरी, तिथे 'कमिटेड' खाली दोन आकडे तिरक्या रेघेने लिहिलेले असतात तेच हे. पण मग लोक पेजफाइल बंद करतात, १६ जीबी आहे ना म्हणून, आणि गेम मेमरी नाही म्हणून बंद पडला की रॅम अर्धी मोकळी असल्याचा स्क्रीनशॉट टाकतात. धागा वाचून तेच आठवलं.

सियागंजचा_सर्व्हर · शनिवार, रात्री ९:००

म्हणजे माझ्याच बाबतीत सगळं लागू झालं. बरं, आता काय करू? एकीकडे लष्करवाले सर म्हणतात मोड ० वर रहा आणि सीग्रुप लाव, दुसरीकडे पोस्टग्रेसवाले म्हणतात २. ११ तारीख पुढच्या आठवड्यात आहे. आणि दुसरा प्रश्न, काल रात्री गाडी न काढता सुटता आलं असतं का?

पेजफॉल्ट_काकू · शनिवार, रात्री १०:१०

दुसरा आधी, सोपा आहे. तुझी ती पहिली एसएसएच विंडो जिवंत होती ना? ती जर रूटची (ॲडमिनची) असती तर एका ओळीत सुटला असतास. इको हे बॅशच्या पोटातलंच आहे, त्याला फोर्क लागत नाही. इको ०, पुढे बाणाचं चिन्ह, पुढे प्रॉक सिस व्हीएम ओव्हरकमिट_मेमरी ही फाइल. झालं. पण तू सुडोवाला, सुडोला फोर्क हवा, तिथे अडकलास. असले प्रयोग करताना एक रूट शेल बाजूला उघडा ठेवावा, प्रयोग झाला की बंद करावा.

दुकानात पोहोचल्यावर तरी बटण दाबून धरायला नको होतं. कीबोर्डवर ऑल्ट आणि सिसआरक्यू (प्रिंट स्क्रीनचंच बटण) धरून एस, यू, बी. सिंक, डिस्क रीड-ओन्ली, रीबूट. हे थेट कर्नल ऐकतो, फोर्कबिर्क काही नाही. उबंटूत त्याचा आकडा १७६ असतो, १२८ अधिक ३२ अधिक १६, म्हणजे नेमक्या याच तीन गोष्टींना परवानगी. एफ दाबून मामांना हाताने बोलावता येतं पण ते ६४ मधे येतं, ते उबंटूत बंद.

आता पहिला. सगळ्यात आधी ते २५६ एमबीचं वर्क_मेम. ते कनेक्शनला एकदा नसतं रे, प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला वेगळं असतं. वीस मुनीम, प्रत्येकाच्या रिपोर्टमधे दोन सॉर्ट, झाले १० जीबी. तुझ्या ११ तारखेचा रोग हा आहे, कर्नल नाही. १६ एमबी कर, आणि तो एकच मोठा रिपोर्ट असेल त्याला त्याच्या सेशनपुरतं वाढवून दे.

मग जावा. खरंच ६ लागतात का बघ. मग ८ जीबीची स्वॅपफाइल. घाबरू नकोस, मोड २ मधे स्वॅप वापरला जावा म्हणून नसतो, शब्द देता यावा म्हणून असतो. रेशो ८०. मग २ लाव, पण सगळं बंद असताना, कमिटेड लिमिटच्या खाली आहे हे डोळ्यांनी बघून.

लष्करवाला · शनिवार, रात्री ११:००

काकू, वर्क_मेमचं १०० टक्के बरोबर. पण २ मला अजूनही नको वाटतं. मिश्र मशीनवर २ लावलं की पोस्टग्रेसला वाचवायला लावलेली मर्यादा जावा खाऊन टाकते, आणि नकार कोणाच्या वाट्याला येईल ते नशीब. एसएसएचच्या वाट्याला आला की परत विजयनगर ते सियागंज. मी जावाच्या सर्व्हिसला मेमरीमॅक्स ५ जीबी लावेन आणि ओओएमस्कोअर ॲडजस्ट ५०० ठेवेन, म्हणजे मामा आले तरी आधी तिला उठवतील. पोस्टमास्टरला उबंटूच्या पॅकेजमधे उणे ९०० असतंच. कनेक्शनं मात्र शून्यावर येतात, म्हणून तीच मरतात.

पेजफॉल्ट_काकू · शनिवार, रात्री ११:२५

सीग्रुप लावच, त्याला माझा विरोध नाही, पण नकार आणि मार यात फरक आहे. मोड २ मधे पोस्टग्रेसला मेमरी मिळाली नाही तर त्या एका क्वेरीला 'आउट ऑफ मेमरी' एरर येतो, ट्रान्झॅक्शन मागे जातं, बाकीचे एकोणीस जण काम करत राहतात. मोड ० मधे किल ९ येतो आणि वीसच्या वीस बाहेर. डेटाबेसला नाही म्हटलेलं ऐकता येतं. जावाला येत नाही, आणि ब्राउझरला तर अजिबातच नाही, म्हणून तुमच्या लॅबमधे मी पण २ लावणार नाही. रेडिस या मेमरीत राहणाऱ्या डेटाबेसवाले तर उलट १ लावा म्हणतात, कारण बॅकग्राउंडला सेव्ह करताना ते स्वतःचा फोर्क करतात, कागदावर मेमरी दुप्पट होते, खरी फार कमी लागते. एकाच आकड्याला तीन घरी तीन उत्तरं आणि तिन्ही बरोबर. माणसाने घर बघून ठरवावं.

रूटसाठी थोडी जागा तशीही राखलेली असते, ॲडमिन_रिझर्व्ह_केबाइट्स, ८ एमबी. मोड २ वर राहायचं असेल तर ती १२८ एमबी कर. पण जिथे आधीच चार जीबी वर गेलोय तिथे तीही कामाची नाही, तुझं काल तेच झालं.

एक_वाचक · रविवार, सकाळी ११:००

इलॅस्टिकसर्च (शोधाचं सर्व्हर सॉफ्टवेअर) सुरू होत नाही, व्हर्च्युअल मेमरी एरिया ६५५३० टू लो म्हणतो. माझ्याकडे रॅम ३२ जीबी आहे. रेशो वाढवू का?

पेजफॉल्ट_काकू · रविवार, सकाळी ११:३०

नको, ती तिसरीच मर्यादा. मॅक्स_मॅप_काउंट. एका प्रोसेसच्या पत्त्यांचे तुकडे किती असावेत त्याची संख्या, किती मोठे ते नाही. २६२१४४ कर, चालेल. ६५५३० हा विचित्र आकडा का तर कोअर डंपच्या फाइलमधे तुकडे मोजायला १६ बिट होते, ६५५३५, त्यातले ५ राखीव. उबंटू २४.०४ पासून डीफॉल्टच दहा लाखांच्या वर आहे, म्हणजे उबंटू असेल तर तू जुन्यावर आहेस. पुढे काही असेल तर वेगळा धागा काढ.

सियागंजचा_सर्व्हर · पुढच्या आठवड्यात, १२ तारीख, दुपारी २:३०

काल ११ तारीख होती. रिपोर्ट देतो.

गेल्या रविवारी दुकान बंद असताना केलं. वर्क_मेम १६ एमबी. जावाचा लॉग बघितला तर दोन जीबीच्या वर कधी गेलीच नव्हती, ३ जीबी केली आणि सरांचं ऐकून मेमरीमॅक्स ५ पण लावलं. स्वॅपफाइल ८ जीबी, रेशो ८०, ॲडमिन रिझर्व्ह १२८ एमबी, मग ओव्हरकमिट २. आता

कमिटलिमिट: २१४३६००० केबी
कमिटेड_एएस: ९४११८७२ केबी

काकू, हा २१४३६००० एवढा गोल आकडा बघून मला वाटलं काहीतरी चुकलं. मग कागदावर मांडला, रॅमचे ८० टक्के १३०४७३९६, स्वॅप ८३८८६०४, बेरीज तीच. स्वॅपमधे ४ केबी कमी दिसतात ते पहिलं पान त्याच्या स्वतःच्या हेडरचं.

काल सकाळी दहापासून सगळे मुनीम बसले होते. साडेबाराला एकाचा फोन आला, रिपोर्ट लाल झाला म्हणून. मी मनात म्हटलं झालं. बघितलं तर फक्त त्याचाच, 'आउट ऑफ मेमरी', बाकी सगळ्यांचं चालू. त्याने सगळ्या पार्ट्या आणि सगळी वर्षं एकत्र निवडली होती, आणि त्या रिपोर्टला वर्क_मेम वाढवून द्यायची ओळ मीच टाकली होती, २ जीबी म्हणून. ती २५६ वर आणली, दहा मिनिटांनी निघाला. शेठचा फोन नाही. संध्याकाळी मीच केला तर म्हणाले आज तुमचा सर्व्हर बंद होता का, कोणी तक्रार केली नाही.

काकूंच्या सल्ल्याप्रमाणे दुकानातल्या मॉनिटरवर एक रूट शेल उघडा ठेवलाय, वर चिठ्ठी लावली आहे की हा बंद करू नये.

पेजफॉल्ट_काकू · दुपारी २:४०

अरे प्रयोग करताना म्हटलं होतं मी! नमकीनच्या दुकानात रूट शेल उघडा? आत्ता जा आणि बंद कर.

मांडवीचा_म्हातारा · दुपारी ३:०५

आणि चिठ्ठी पण काढ.

सियागंजचा_सर्व्हर · दुपारी ४:५०

गेलो होतो. मुनीमजींनी त्याच्यात हिशोब टाइप करून ठेवला होता, 'कमांड नॉट फाउंड' चाळीस वेळा. बंद केला.